एक नट, अनेक रूपे

नट एकदा लोकप्रिय झाला, म्हणजे प्रेक्षक त्याच्याकडे पुनःपुन्हा त्याच तऱ्हेची भूमिका मागू लागतात. ती करणे सोपे असते; परंतु त्याने कला खुंटते. दिलीप प्रभावळकर यांनी हा मोह टाळला. दूरदर्शनवर ते चिं. वि. जोशी यांचे भोळे चिमणराव झाले. ‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी एकट्याने सहा भूमिका वठविल्या. १९९३ साली ‘झपाटलेला’ चित्रपटात ते क्रूर तात्या विंचू झाले. २००१ सालापासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत प्रेमळ आबा, तर २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटात महात्मा गांधी! माणूस तोच, पण आवाज, चाल आणि नजर दर वेळी निराळी. मुलांनो, यश मिळाल्यावरही नव्याने शिकत राहणे, हीच खऱ्या कलावंताची साधना होय.