सील नवीन, तरी ऑइल गळतंय? स्लॅशरच्या गिअरबॉक्समध्ये पैसा कुठे बुडतो



व्हिडिओमध्ये आपण ट्रॅक्टरच्या स्लॅशरचा, म्हणजे बागेतलं गवत कापणाऱ्या मोवरचा, गिअरबॉक्स खोलून दाखवला. पण सील ठोकण्याच्या आधी काय करायचं, ते तिथे घाईत राहून गेलं. ज्याला छत्रपती संभाजीनगरच्या आसपास कृषी अवजारांचं गॅरेज टाकायचंय, त्याने खरं तर तेच आधी शिकायला हवं.

आधी माझी फजिती ऐका. सुरुवातीच्या दिवसांत पाचोडकडच्या एका मोसंबीवाल्या काकांचा स्लॅशर माझ्याकडे आला. खालच्या बाजूने ऑइल टपकत होतं. मी सील बदललं, ऑइल भरलं, पैसे घेतले. आठ दिवसांत फोन. परत सील बदललं, या वेळी महागातलं. बारा दिवसांनी काका म्हणाले, "दादा, तुम्ही सील बसवता का चाळणी?" तिसऱ्यांदा मी स्वतः बागेत गेलो. गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा ब्रीदर चिखलाने आणि गवताच्या भुश्श्याने गच्च झाला होता. माझी दोन्ही सील चांगलीच होती. तोवर पावसाची उघडीप निघून गेली, गवत गुडघ्याला लागलं, काकांना मजूर लावून ते काढावं लागलं. त्यांनी माझ्याकडे भरपाई मागितली नाही. पण पुढचे दोन हंगाम त्या गावातून मला एकही काम आलं नाही.

ब्रीदर म्हणजे बारीक भोक असलेला साधा बोल्ट. ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण ५४० फेऱ्यांवर फिरतो, गिअरबॉक्स ती ताकद काटकोनात वळवून खाली पात्यांना देतो. तासभर काम झालं की डबा तापतो, आतली हवा फुगते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा तिथून निघून जाते. बंद असेल तर ती ऑइलला ढकलते, आणि ऑइल सगळ्यात सोपी वाट धरतं, म्हणजे सीलची ओठाळी. डबा काठोकाठ भरला तरी तेच होतं. "जास्त ऑइल म्हणजे जास्त आयुष्य" असं अनेकांना वाटतं. अवजार सपाट जागी ठेवा, लेव्हलचा बोल्ट काढा, ऑइल त्या भोकाच्या कडेपर्यंत आलं की थांबा. ग्रेड अवजाराच्या पुस्तिकेत बघा. बहुतेक ठिकाणी ईपी ९० किंवा ईपी १४० असतं.

आता गळती शोधायची कशी? ट्रॅक्टर बंद, किल्ली तुमच्या खिशात. पीटीओ शाफ्ट काढून ठेवा. अवजार नुसतं हायड्रॉलिकवर उचलून त्याच्या खाली कधीही शिरू नका, खाली जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. (यात थट्टा नाही. हायड्रॉलिक खाली बसायला एक क्षण पुरतो.) मग गिअरबॉक्स डिझेलने धुवा, पुसून कोरडा करा आणि त्यावर पांढरी रांगोळी भुरभुरा. शाफ्ट परत जोडा, सगळ्यांना लांब उभं करा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा. रांगोळी आधी जिथे ओली झाली, गळती तिथेच आहे. ऑइल वाऱ्याने आणि फिरण्याने सगळीकडे पसरतं, त्यामुळे जिथून टपकतं तिथूनच गळतं असं नसतं. कितीदा तरी खालचं सील म्हणून आलेलं काम वरच्या झाकणाच्या पॅकिंगचं निघतं.

खालचंच सील असेल तर पात्यांचं हब उतरवा आणि नीट बघा. आपल्याकडे बागेत ठिबकची जुनी नळी, सुतळी, मल्चिंगचा कागद पडलेला असतो. तो शाफ्टला गुंडाळत जातो आणि वितळून सीलला कापतो. मग शाफ्ट हाताने हलवून बघा. खुळखुळ असेल तर बेअरिंग गेलंय, आणि बेअरिंग गेलेलं असताना नवं सील महिनाभरही टिकत नाही. बेअरिंग का गेलं, तेही विचारा. एकच पातं तुटलं म्हणून एकच नवं लावलं असेल तर दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहत नाही, यंत्र थरथरतं. पाती जोडीनेच बदलायला सांगा. पुढच्या, म्हणजे पीटीओकडच्या सीलची गळती असेल तर पीटीओ शाफ्टची लांबी बघा. अवजार उचलल्यावर शाफ्टचे दोन नळ एकमेकांत पूर्ण घुसून टेकत असतील, तर तो धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

सील बसवताना सीलवर लिहिलेला आकार बघा, उदाहरणार्थ ३५-७२-१०. शाफ्ट ३५ मिलिमीटर, घर ७२, जाडी १०. पण जुन्या सीलवर आंधळा विश्वास नको, आधीच्या मिस्त्रीने चुकीचं घातलेलं असू शकतं. व्हर्निअरने स्वतः मोजा. स्प्लाइनच्या धारदार कडांवर टेप गुंडाळा, ओठाळीला ऑइल किंवा ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवा, आणि सीलच्या मापाच्या पाइपने सरळ दाबत न्या. हातोडीने एका बाजूला ठोकलं की सील तिथेच वाकडं झालं.

शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर? इथे आपल्या शहराचा मोठा फायदा आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि वाळूज-चिकलठाण्यात गाड्यांचे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले. वेल्डिंग भरून, टर्निंग करून, ग्राइंडिंग करून देणारी जॉबवर्कची दुकानं तिथे सापडतात. फक्त काम देताना स्पष्ट सांगा: सीलची जागा ग्राइंड झालीच पाहिजे. लेथच्या आट्यासारख्या बारीक खुणा राहिल्या तर त्या स्क्रूसारख्या वागतात आणि ऑइल बाहेर ओढतात. खाच हलकी असेल तर जागेप्रमाणे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवूनही काम होतं. पीएमईजीपीमध्ये सेवा व्यवसायाचा प्रकल्प २० लाखांपर्यंत बसतो, म्हणून अनेकजण पहिल्याच दिवशी लेथ घ्यायला निघतात. माझं मत विचाराल तर नको. शेजारी इतके जॉबवर्कवाले असताना तुमचं भांडवल सील, बेअरिंग, पुलर आणि चांगल्या व्हर्निअरमध्ये घाला.

आता हिशोब. समजा मजुरी ७०० रुपये घेतली. पैठणच्या बाजूला गॅरेजपासून जाऊन-येऊन १०० किलोमीटर पडतात. परत बोलावणं आलं की बाइकचं पेट्रोल अडीचशेच्या घरात, शिवाय दुसरं सील, दुसऱ्यांदा ऑइल, आणि अर्धा दिवस. एका परतफेरीत ७०० पैकी फारसं काही उरत नाही, दुसऱ्या फेरीला तुम्ही घरून घालता. म्हणून बिलाचे दोन भाग करा: तपासणीचे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे. शेतकरी म्हणेल, "नुसतं बघायचे पैसे?" वाद घालू नका. रांगोळी ओली झालेला फोटो दाखवा, शाफ्टवरची खाच त्याच्या नखाला लागू द्या, आणि मग दर सांगा. बेअरिंग बदलायला तो तयार नसेल तर सील बसवून द्या, पण बिलावर लिहा की बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे, ग्राहकाला सांगितलं आहे. खाली त्याची सही घ्या.

पाचोडच्या काकांकडे मी पुढच्या वर्षी स्वतःहून गेलो, पावसाळ्याच्या आधी, दहा-बारा ब्रीदर खिशात टाकून. त्यांच्या स्लॅशरचा बदलला, शेजारच्या दोघांचे रोटाव्हेटर तपासले, पैसे घेतले नाहीत. काकांनी चहा दिला. दुसरा रोटाव्हेटर गळतच होता, साइडच्या डब्यातून. तो मी तिथूनच गॅरेजला घेऊन आलो.