पट्टकृमीचें डोकें

“पट्टकृमि होतो तो मांसाहार करणाऱ्यांस, आपल्या सोंवळ्यांतील स्वयंपाकाशीं त्याचा काय संबंध?” असें सुशिक्षित घरांतूनही आमच्या कानांवर पुष्कळदां येतें. हा समज अर्धाच खरा आहे. विषय किळसवाणा खरा. तेव्हां वाचकांनीं तो जेवणापूर्वीं न वाचतां सावकाश नंतर वाचावा, एवढीच विनंती.

सातारा जिल्ह्यांतील माण-खटावचे माळ व सांगली जिल्ह्यांतील जत-आटपाडीचीं रानें हा मेंढरांचा मुलूख. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवाच्या नांवानें तर मेंढीची एक जातच प्रसिद्ध आहे. मेंढ्यांच्या लेंड्यांत कधीं कधीं भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसतात. तीं मोनिएझिया नांवाच्या पट्टकृमीचीं गळालेलीं पेरीं होत. हा प्राणी फितीसारखा चपटा व कित्येक हात लांब असतो. त्याला तोंड नाहीं, पोट नाहीं. आतड्यांतील आयतें अन्न तो सर्वांगाच्या त्वचेनें शोषून घेतो. टांचणीच्या माथ्याएवढें डोकें, त्यामागें बारीक मान, आणि मानेपाशीं सतत नवीं पेरीं. जुनीं मागें ढकललीं जातात व अंड्यांनीं भरून गळून पडतात. प्रत्येक पेऱ्यांत नर व मादी या दोहोंचीं इंद्रियें असतात; मोनिएझियांत तर त्यांचे दोन दोन संच. अंड्यांची मालगाडीच म्हणा ना! गवतांतील सूक्ष्म किडे हीं अंडीं गिळतात व चाऱ्याबरोबर ते मेंढीच्या पोटांत जातात, हें अमेरिकेंतील स्टंकार्ड यांनीं १९३७ सालीं दाखविलें.

पट्टकृमीची जात ओळखावयाची ती मुख्यतः डोक्यावरून. नदींतील वाम माशाच्या आतड्यांत सेंगा नांवाचा कृमि सांपडतो. त्याच्या डोक्याला दोन खांचा असतात. मेंढीच्या मोनिएझियाला चार चूषक असतात, परंतु आंकडे नसतात. माणसाच्या आतड्यांत राहणाऱ्या दोन प्रमुख जातींपैकीं गोमांसावाटे येणारीस नुसते चार चूषक. डुकराच्या मांसावाटे येणारीस चूषकांखेरीज २२ ते ३२ आंकड्यांचें दुहेरी कडें. दोहोंचीं अंडीं सूक्ष्मदर्शकाखालीं सारखींच दिसतात. म्हणून डोकें किंवा पिकलेलें पेरें हातीं आलें तरच वैद्य निश्चित सांगूं शकतो.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. पहिल्या जातीचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेलीं तरी त्यांपासून कांहीं होत नाहीं. दुसरीचीं मात्र फुटतात, अळी रक्तांतून स्नायूंत, डोळ्यांत वा मेंदूंत शिरते आणि तेथें तिची गांठ बनते. हीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून बाहेर पडतात. तीं मातीच्या कोथिंबिरीवरून, मुळ्यावरून किंवा न धुतलेल्या हातांवरून ताटांत येतात. म्हणजे ज्यानें जन्मांत मांसाला स्पर्श केला नाहीं, त्याच्याही मेंदूंत ही गांठ होऊं शकते. घरांतील धडधाकट मुलास अचानक झटके येतात, घरचे त्यास फेंफरें म्हणतात आणि अंगारे-धुपारे सुरू होतात! आमच्या मतें सोंवळें पाळणाऱ्या घरानें कोशिंबिरीचा पाला वाहत्या पाण्यानें चोळून धुण्याचें सोंवळें अधिक कडक पाळावें.

झटके आल्यास जंताचें औषध मनानें घेऊं नये. मेंदूंतील गांठी मरूं लागल्या कीं त्यांच्याभोंवतीं सूज येते व झटके वाढतात. यासाठीं डॉक्टर आधीं यंत्रानें मेंदूचें चित्र काढून पाहतात, आणि मगच औषध ठरवितात.