नकाशातले नगर आणि नांदते नगर

नगररचना कार्यालयाच्या भिंतीवरील नकाशात प्रत्येक भूखंडाला आपला एक रंग असतो. पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे औद्योगिक. हा नकाशा नेटका असतो. शहर मात्र तितके नेटके कधीच नसते. पिवळ्या रंगातील चाळीच्या तळमजल्यावर शिवणयंत्रे धडधडत असतात, जिन्याखालच्या वीतभर जागेत घड्याळे दुरुस्त होतात, आणि शाळा सुटली की तिच्याच पदपथावर भाजीबाजार मांडला जातो. जमिनीचा वापर कशासाठी करण्यास परवानगी आहे, एवढेच नकाशा सांगतो. तिच्यावर प्रत्यक्षात काय चालते, याविषयी तो बहुधा मौन पाळतो.

हे मौन भंग करण्याचा प्रयत्न नवा नाही. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकन शहरांवरील आपल्या ग्रंथात नियोजनकारांना बजावले, की शहर समजून घ्यावयाचे असेल तर आधी रस्त्यावर उतरा. त्यानंतर विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून आणि सहकाऱ्यांच्या हाती वह्या देऊन, माणसे कोठे बसतात, कोठे थबकतात, याची चिकाटीने नोंद केली. त्यांचा निष्कर्ष वरकरणी बाळबोध होता : जेथे बसावयास जागा असते, तेथे माणसे बसतात. परंतु त्या निष्कर्षाच्या आधारे न्यूयॉर्कने १९७५ मध्ये सार्वजनिक चौकांविषयीचे आपले नियम बदलले.

आज त्या वहीची जागा यंत्राने घेतली आहे. बीजिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३३,००० हून अधिक टॅक्सींचे मार्ग आणि शहरातील दुकाने, शाळा, इस्पितळे, कार्यालये यांची यादी, ही त्याची सामग्री. त्यामागील कल्पना शिक्षकवर्गाला विशेष भावावी अशी आहे. एखाद्या लेखात कोणते शब्द वारंवार येतात हे पाहून त्याचा विषय ओळखता येतो. त्याच न्यायाने, एखाद्या वस्तीत माणसे कोणत्या वेळी येतात, कोठून येतात आणि कोठे जातात, हे पाहून त्या वस्तीचे कार्य ओळखता येते. सकाळी रिकामी होऊन संध्याकाळी भरणारी ती निवासाची वस्ती. याच्या उलट वागणारी ती कचेऱ्यांची. येथे प्रवास हाच शब्द आणि वस्ती हाच लेख.

त्याच वर्षी पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी समाजमाध्यमांचा आधार घेतला. आपण अमुक उपाहारगृहात किंवा तमुक दुकानात आहोत, असे नागरिक स्वतःहून मोबाइलवरून जाहीर करीत होते. ज्या ठिकाणी साधारणतः तीच माणसे जातात, ती ठिकाणे एकत्र गुंफून संशोधकांनी वस्त्यांच्या नव्या सीमा आखल्या, आणि त्या पालिकेच्या सीमांशी अनेक ठिकाणी जुळल्या नाहीत. तथापि संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी शहरातील २७ रहिवाशांना भेटून, या रेषा तुम्हाला पटतात काय, असे विचारले. हा तपशील लहान असला तरी या संपूर्ण शास्त्राची नीतिमत्ता त्यात सामावली आहे.

कारण यंत्राची वही सर्वांची नोंद सारख्याच निष्ठेने ठेवीत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर कोसळले, तेव्हा ट्विटरवर संदेशांचा पूर लोटला. त्यांतील सर्वाधिक संदेश मॅनहटनमधून आले. रॉकअवे आणि कोनी आयलंड या अधिक पोळलेल्या भागांतून आले ते अगदी थोडे. केवळ संदेश मोजणाऱ्याने मदत भलतीकडेच धाडली असती. वीज गेलेला, बॅटरी संपलेला माणूस आकडेवारीत दिसत नाही. आणि नेमकी त्यालाच मदतीची गरज असते.

बॉस्टनच्या महापालिकेने हा धोका वेळीच ओळखला. मोटारीतील मोबाइलला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे शोधणारी योजना तिने आखली. पण असा मोबाइल सधनांकडे अधिक, वृद्ध आणि गरीब यांच्याकडे कमी. म्हणजे खड्डे बुजणार तेही सधनांच्याच रस्त्यांवरचे! म्हणून ते साधन प्रथम शहरभर फिरणाऱ्या पालिकेच्या निरीक्षकांच्या हाती देण्यात आले. दोष यंत्राचा नव्हता. ते कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न होता.

दुसरा प्रश्न मालकीचा. ही सामग्री खाजगी कंपन्यांच्या कोठारात असते. ट्विटरने २०१९ मध्ये संदेशासोबत अचूक ठिकाण देण्याची सोय काढून घेतली आणि २०२३ मध्ये संशोधकांसाठी असलेली मोफत वाट बंद केली. ज्या विहिरीचा दोर दुसऱ्याच्या हाती, तिच्या भरवशावर गावाचे पाणी ठरविता येत नाही. तिसरा प्रश्न खाजगीपणाचा. १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींवरील २०१३ च्या एका अभ्यासात आढळले, की स्थळ आणि वेळ यांचे अवघे ४ बिंदू ठाऊक असले, तर ९५ टक्के व्यक्ती इतरांतून वेगळ्या काढता येतात. नाव पुसले म्हणून माणूस पुसला जात नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका मानता येणार नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात अस्तित्वात असलेल्या वास्तू आणि रस्ते यांविषयी इतक्या चुका निघाल्या, की शासनाला तो फेरतयार करावयास लावावा लागला. सुधारित आराखडा अमलात यावयास २०१८ उजाडले. त्या चुका उघडकीस आणण्यात, आपली गल्ली ओळखणाऱ्या सामान्य नागरिकांचा वाटा मोठा होता. २०२२ पासून मुंबई, पुणे, नाशिक येथील रस्त्यांची छायाचित्रे गूगलच्या नकाशावर पाहता येतात. परंतु छायाचित्रात दिसतो तो एका क्षणाचा रस्ता. पहाटे चार वाजता फुले उतरविणारी बाई आणि रात्री दहानंतर गाडी लावणारा अंडाबुर्जीवाला त्या क्षणात सापडतीलच असे नाही.

त्यांची नोंद ठेवण्याचा मार्ग कायद्याने दाखविलेला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरातील विक्रेत्यांची पाहणी दर पाच वर्षांनी निदान एकदा व्हावयास हवी. ही पाहणी, प्रभागातील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या पायी नोंदी आणि यंत्राने जमविलेली सामग्री ही तिन्ही शेजारी शेजारी मांडून पाहिली, तरच शहराचे खरे कार्य उमगेल. जेथे ती परस्परांशी जुळणार नाहीत, तेथे अधिकाऱ्याने चालत जावे. संगणक लाखो पावलांचे ठसे मोजू शकतो. पण ज्याच्या पायांत चप्पलही नाही त्याचे पाऊल मोजले गेले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.