नादारीच्या उंबरठ्यावरील घरखर्चाचे अंदाजपत्रक

नादारीच्या उंबरठ्यावरील घरखर्चाचे अंदाजपत्रक म्हणजे, मिळकतीतून सर्व देणी भागणे शक्य नाही हे स्पष्ट झालेल्या कुटुंबाने आपल्या जमाखर्चाची केलेली लेखी मांडणी होय. नेहमीच्या अंदाजपत्रकात चार पैसे मागे कसे पडतील हे पाहिले जाते. येथे बचतीचा प्रश्न उरलेला नसतो. अपुरा पैसा प्रथम कोठे जावा, कोणाला थांबवावे आणि थांबवल्यास काय घडेल, हे ठरवावे लागते. या लेखात ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील परिस्थिती आणि तेथे लागू असलेला कायदा प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

संज्ञा

'दिवाळे' या शब्दाचा संबंध दिव्याशी जोडला जातो. देणी देण्यास असमर्थ झालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून तसे जाहीर करीत असे, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. 'नादारी' हा शब्द फारसीतून आला असून त्याचा अर्थ 'जवळ काही नसणे' असा आहे. जुन्या पिढीतील विद्यार्थ्यांना तो शाळेतील फी-माफीमुळे परिचित होता. गरीब पण होतकरू मुलास पूर्ण किंवा अर्धी नादारी मिळे आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. कायद्याच्या भाषेतील नादारीला मात्र लोकव्यवहारात कलंक चिकटला आहे. त्या भीतीपोटी अनेक कुटुंबे हिशेब मांडण्याचेच टाळतात आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढतात.

पार्श्वभूमी

ठाणे-कल्याण पट्ट्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे अर्थकारण दीर्घकाळ कारखान्यातील पगार, रेल्वेचा पास आणि पतपेढीचे कर्ज या तीन गोष्टींवर उभे होते. कल्याण-शिळ मार्गावरील प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो मोटारी तयार होत असत. ते उत्पादन त्या दशकाच्या अखेरीस थांबले. मोहने येथील नॅशनल रेयॉन कंपनी (एनआरसी) २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षे रेंगाळला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, परंतु त्या काळातील व्याज चालूच राहिल्याने पुष्कळांचे मूळ ओझे वाढले.

बुडीत बचतीचाही अनुभव या भागाला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीस खातेदारास केवळ १,००० रुपये काढता येत होते. पुढच्याच महिन्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, डोंबिवली व ठाणे येथील गुडविन ज्वेलर्सची दालने बंद झाली आणि मासिक बचत योजनांत पैसे भरलेल्या ग्राहकांना पोलिसांत धाव घ्यावी लागली. या घटनांचा अंदाजपत्रकाशी थेट संबंध आहे. थकलेली देणी, अडकलेली ठेव, भिशीचा न मिळालेला हप्ता किंवा चालू दाव्यातून मिळू शकणारी भरपाई ही 'येणे' म्हणून मालमत्तेच्या यादीत लिहावयाची असतात. महिन्याच्या जमेत ती धरता येत नाहीत. ती धरूनच पुष्कळ अंदाजपत्रके फसतात.

कायद्याची चौकट

भारतात व्यक्तीच्या नादारीसंबंधी दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा इलाखा शहरे नादारी अधिनियम आणि उर्वरित भागासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. त्यामुळे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहणारा ऋणको मुंबई उच्च न्यायालयाकडे, तर पलीकडे ठाणे शहरात राहणारा ठाणे जिल्हा न्यायालयाकडे जातो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तथापि १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य पगारदार किंवा दुकानदारासाठी जुनेच कायदे चालू राहिले.

१९२० च्या अधिनियमानुसार ५०० रुपये वा अधिक देणे असलेला आणि ते फेडण्यास असमर्थ असलेला ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. अर्जात सर्व धनकोंची नावे व पत्ते, प्रत्येकाची रक्कम आणि सर्व मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. नादार ठरवल्यानंतर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे जाते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोला नवा दावा लावता येत नाही. तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरील हक्क मात्र अबाधित राहतो.

काय वाचते हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० वरून ठरते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करावयाचे नसलेले दागिने, उदाहरणार्थ मंगळसूत्र, जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधी, शासकीय निवृत्तिवेतन आणि आयुर्विम्याची रक्कम यांनाही संरक्षण आहे. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यात वेतनातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. वेतन २५,००० रुपये धरल्यास १७,००० रुपये वाचतात आणि ८,००० रुपयांपर्यंतच जप्ती येऊ शकते. घाबरून भविष्य निर्वाह निधी मोडून क्रेडिट कार्डाची थकबाकी भरणारा मनुष्य कायद्याने राखून ठेवलेला पैसा आपण होऊन देऊन टाकत असतो.

केवळ पैसे नाहीत म्हणून कोणास दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालात स्पष्ट केले आहे. ऐपत असूनही दुष्ट हेतूने देणे टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खर्चाचा क्रम

जो अधिक वेळा दूरध्वनी करतो त्याला आधी पैसे द्यावेत, हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक क्रम होय. विनातारण कर्जाचे वसुली प्रतिनिधी सर्वाधिक तगादा लावतात, परंतु घरातील वीज तोडण्याचा किंवा घराचा ताबा घेण्याचा अधिकार त्यांना नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई आहे. याविषयीची तक्रार आधी बँकेकडे करावी लागते. ३० दिवसांत समाधान न झाल्यास ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते.

म्हणून क्रम परिणामांवरून ठरवावा लागतो. किराणा, गॅस व औषधे प्रथम येतात. कामावर जाण्याचा रेल्वे पास त्यांच्याच बरोबरीचा मानावा, कारण पास चुकला की मिळकतच थांबते. त्रैमासिक पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, पण त्यासाठी एकरकमी पैसे हाती असावे लागतात. विजेचे देयक थकल्यास १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. गृहनिर्माण संस्थेचे मासिक शुल्क लोक सहज मागे टाकतात, परंतु आदर्श उपविधींनुसार त्यावर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज लागू शकते आणि घर विकताना ती थकबाकी आडवी येते. मुलांचे शिक्षण या यादीत कोठे बसवावे यावर घरोघरी वाद होतो. शिकवणी वर्गाची फी कमी करता येते. शाळेचे नाव काढणे हा उपाय नव्हे.

खर्च कमी करण्याचे सार्वजनिक मार्गही विचारात घ्यावेत. डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. वार्षिक उत्पन्न शहरी भागात ५९,००० रुपयांच्या आत असेल तर प्राधान्य कुटुंब म्हणून शिधापत्रिकेवर धान्य मिळू शकते. नोकरी गेल्यावर शिधापत्रिकेवरील जुने उत्पन्न बदलून घेण्याचे सुचतच नाही.

खासगी सावकाराकडून हप्त्यासाठी पैसे उचलणे हा या टप्प्यावरील सर्वांत मोठा धोका होय. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा असून तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करता येते.

एक उदाहरण

पुढील कुटुंब कल्पित आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या एका गृहस्थाची कारखान्यातील नोकरी गेली; आता तो वाहनचालक म्हणून १८,००० रुपये मिळवतो. पत्नी पोळी-भाजीचे डबे देऊन ९,००० रुपये मिळवते. एकूण जमा २७,०००. गृहकर्जाचा हप्ता १६,५००, वैयक्तिक कर्जाचा ७,२०० आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ४,८००, म्हणजे नुसते हप्तेच २८,५०० होतात. घरात अन्न शिजण्यापूर्वीच १,५०० रुपयांची तूट आहे.

आता घरखर्च मांडू. किराणा व गॅस ८,५००, वीज-पाणी १,६००, संस्थेचे शुल्क २,२००, शाळा २,०००, आजीची औषधे १,५००, प्रवास १,२०० आणि दूरध्वनी ५००, एकूण १७,५००. शिल्लक ९,५०० राहते. ती गृहकर्जाच्या हप्त्यालाही पुरत नाही. चहा-साखर कमी करून ही तूट भरून निघणार नाही. घराचाच निर्णय करावा लागेल, हे वही या ठिकाणी स्पष्टपणे सांगते.

घराचा प्रश्न

हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा व लिलाव यांकडे वळू शकते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण थकबाकी भरल्यास घर सोडवता येते, आणि बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून घर विकता येत नाही. म्हणजे बँकेशी बोलून स्वतः गिऱ्हाईक शोधण्याचा सोयीचा काळ नोटिशीच्या आधीचा असतो, आणि नेमका तोच काळ बहुतेक कुटुंबे 'काहीतरी होईल' या आशेवर घालवतात.

वरील कुटुंबाने घर विकले, गृहकर्ज फेडले आणि उरलेल्या थोड्या रकमेतून टिटवाळ्यास भाड्याच्या घराची अनामत भरली असे समजू. ही अनामतही मालमत्तेच्या यादीत लिहावी लागते. भाडे ७,५०० रुपये आले, संस्थेचे शुल्क गेले, प्रवास ३०० रुपयांनी वाढला. नवा घरखर्च २३,१०० आणि शिल्लक ३,९०० रुपये. वैयक्तिक कर्ज ३ लाख, कार्ड दीड लाख आणि नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने दीड लाख असे ६ लाखांचे विनातारण देणे उरले आहे. शिल्लक प्रमाणात वाटल्यास अनुक्रमे १,९५०, ९७५ आणि ९७५ रुपये प्रत्येकाच्या वाट्यास येतात. रक्कम अपुरी आहे, परंतु बँकेला तडजोडीचा लेखी प्रस्ताव देताना किंवा लोकअदालतीत बसताना दाखवण्यासारखा आकडा हाती येतो.

वही आणि न्यायालय

शिल्लक प्रमाणातच का वाटावी? मामाचे पैसे आधी फेडून टाकावेत, बँक काय थांबेल, ही भावना स्वाभाविक आहे. परंतु अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोस झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड न्यायालय रद्द ठरवू शकते. नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत पत्नीच्या वा मुलाच्या नावे केलेले बक्षीसपत्रही टिकत नाही. घर वाचवण्याच्या समजुतीने केलेले असे कागद कुटुंबाला अधिक खोल नेतात.

नादारीतून मुक्तता मागताना हिशेबाची वही पुन्हा समोर येते. मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर तसे होण्यास आपण जबाबदार नाही हे ऋणकोस पटवून द्यावे लागते. जुगार, सट्टा किंवा न परवडणारी चैन यांमुळे नादारी ओढवली का, फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढले का, व्यवसाय असल्यास गेल्या तीन वर्षांच्या योग्य हिशेबवह्या ठेवल्या का, हे तपासले जाते. नोकरी गेल्याची तारीख, रुग्णालयाची देयके, महिन्यामहिन्याचा किराणा हे सारे ज्याने त्या त्या वेळी लिहून ठेवले, त्याला उत्तर देता येते. कायद्याने भांडीकुंडी जप्तीतून वगळली आहेत. हिशेबाच्या वह्या वगळलेल्या नाहीत, त्या हजर कराव्याच लागतात. डब्यांचा धंदा करणाऱ्या गृहिणीनेही घरचा आणि धंद्याचा किराणा वेगळा लिहिणे याच कारणाने आवश्यक ठरते. न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर नादार ठरवणारा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे होतात.

वकिलाचा खर्च झेपत नसल्यास ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना मोफत विधी साहाय्य मिळते.

जामीनदार

मुक्ततेनंतरही शासनाची देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी शिल्लक राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. पतपेढीच्या कर्जावर सही करणारा बहुधा कचेरीतील सहकारी किंवा शेजारी असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखला कर्जदाराबरोबर त्याच्यावरही निघू शकतो. त्यामुळे देण्यांच्या यादीत प्रत्येक कर्जापुढे जामीनदाराचे नाव लिहिण्याचा एक रकाना असावा, आणि हप्ता थांबवण्यापूर्वी त्या माणसाला घरी जाऊन तसे सांगावे. पतपेढीची नोटीस त्याच्या हाती त्याआधी पडता कामा नये.