लोभाचे वकीलपत्र

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. नाटक मद्यपानाच्या धिक्काराचे; परंतु प्रेक्षागृहात हशा पिकतो तो तळीरामाच्या कोट्यांवर! उपदेश करू जावे आणि दुर्गुणच लोकप्रिय व्हावा, असे का घडते? एका अमेरिकन चित्रपटावरून याचा उलगडा होऊ शकेल.

ऑलिव्हर स्टोन यांचा 'वॉल स्ट्रीट' डिसेंबर १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. स्टोन यांचे वडील शेअरदलाल होते. चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे. त्यातील गॉर्डन गेको कंपन्या विकत घेतो, त्या चालविण्यासाठी नव्हे, तर मोडून विकण्यासाठी. एका विमानकंपनीच्या कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीवरही त्याचा डोळा असतो. असे असूनही, 'तुमच्यामुळेच आम्ही या धंद्यात आलो,' असे कौतुकाने सांगणारे दलाल आपल्याला भेटत आले आहेत, असे गेकोची भूमिका करणाऱ्या मायकेल डग्लस यांनी अनेकदा सांगितले आहे.

याचे मर्म गेकोच्या भागधारकांपुढील भाषणात आहे. त्याचा आरंभ खऱ्या तक्रारीने होतो : कंपनीत ३३ उपाध्यक्ष, प्रत्येकाला वर्षाला दोन लाख डॉलरांहून अधिक पगार, आणि ते करतात काय, हे कोणालाच उमगत नाही. ऐकणाऱ्याची मान डोलू लागते. आणि त्या डोलत्या मानेनेच तो पुढचा सिद्धान्तही पत्करतो, की लोभ हितकारक आहे. वस्तुतः आळशी कारभाऱ्यांचा दोष सिद्ध झाला, म्हणून लोभ निर्दोष ठरत नाही. शिवाय गेकोची संपत्ती लोभाच्या कर्तबगारीतून आलेली नसते. तिच्या मुळाशी कंपन्यांची चोरलेली गुप्त माहिती असते.

कलेचाही यात थोडा पक्षपात आहेच. वक्तृत्व, ऐट आणि वैभव गेकोच्या वाट्याला. प्रामाणिक यंत्रकारागीर कार्ल फॉक्सच्या वाट्याला थोडीशी साधी वाक्ये. वैभव दोन तास दिसते, दंडाची चाहूल अखेरच्या काही मिनिटांत लागते. आणि ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यांचे संसार पडद्यावर जवळजवळ येतच नाहीत. अखेर २०१२ साली एफबीआय या अमेरिकेच्या तपासखात्याला डग्लस यांच्याकडूनच लोकांना सांगावे लागले, की चित्रपट काल्पनिक असला तरी हा गुन्हा खरा आहे.

आपल्याकडेही २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग शेअरबाजारात गुंतविला जातो. तेव्हा असे भाषण कानांना गोड लागले, तर टाळी वाजविण्यापूर्वी एवढेच विचारावे : या नफ्याची किंमत कोण मोजतो आहे? कदाचित तो आपल्याच शेजारच्या खुर्चीत बसलेला असेल.