स्वप्नातील माणूस कोणत्या भाषेत बोलतो?

निपाणीजवळच्या एका गावी काही ख्रिस्ती कुटुंबांच्या भेटीस आम्ही गेलो असता, ओट्यावर बसलेल्या मंडळींना आम्ही सहज विचारले, "तुमचे दिवंगत वडील स्वप्नात येतात, तेव्हा ते कोणत्या भाषेत बोलतात?" मंडळी प्रथम हसली, मग विचारात पडली. वडील काय म्हणाले, हे प्रत्येकास आठवत होते. एकाचे वडील "म्हैस विकू नकोस" असे बजावून गेले होते. परंतु ते मराठीत म्हणाले की कन्नडमध्ये, हे त्या गृहस्थांना काही केल्या सांगता येईना. घरात मराठी, बांधावरच्या शेजाऱ्याशी कन्नड आणि म्हशीच्या बाजारात दोन्ही, असा त्यांचा जन्म गेला होता. "म्हणाले एवढे खरे," असे म्हणून त्यांनी विषय संपविला.

आम्हांस मात्र तो विषय संपविता आला नाही. माणूस विचार करतो तो शब्दांत, की शब्दांच्या मागे असलेल्या अर्थात?

या प्रश्नावर फार थोरामोठ्यांनी आपली बुद्धी झिजविली आहे. आपल्या देशातील व्याकरणपंडित भर्तृहरी याचे मत असे की, शब्दाच्या सोबतीवाचून कोणतेही ज्ञान माणसाच्या ठायी उद्भवतच नाही. उलट, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे धर्माध्यक्ष संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी पवित्र त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, अंतःकरणात प्रथम जो शब्द उमटतो तो ग्रीकही नसतो आणि लॅटिनही नसतो, दुसऱ्यास सांगण्याची वेळ आली म्हणजे मग तो कोणत्यातरी भाषेचा ध्वनी धारण करतो. संत ऑगस्टीन यांस लॅटिन भाषा दायांच्या लाडिक बोलण्यातून आली व ग्रीक शाळेतील छडीच्या धाकाने शिकावी लागली. दोन भाषा दोन वाटांनी आल्या म्हणजे काय होते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

आमच्या सीमाभागातील अनुभव कोणाच्या बाजूने साक्ष देतो? सांगली-मिरजेला लागून असलेल्या कुपवाड या गावाचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तेथील बोलण्याचे निरीक्षण करून १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो आजही वाचतात. या गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू आणि इतर काहींच्या घरी मराठी. शतकानुशतके एकमेकांच्या शेतात राबून या भाषांची वाक्ये इतकी एकसारखी झाली होती की, एकीतील शब्द काढून त्या जागी दुसरीतील शब्द ठेवला की भाषांतर झालेच. आपण आपलेच वाक्य घेऊन पाहावे. "भाकरी खाऊन, पाणी पिऊन, शेताला गेलो" हे कन्नडमध्ये "रोट्टी तिंदु, नीरु कुडिदु, होलक्के होदे" असे होते. ओळीने एकेक शब्द जुळतो. शेताचा 'ला' सुद्धा 'क्के' होऊन आपल्या जागी बसतो.

कुपवाडच्या मराठीने याहूनही एक नवल केले. कन्नडमध्ये पुरुष तेवढा पुल्लिंगी, स्त्री तेवढी स्त्रीलिंगी आणि बाकीचे बहुतेक सारे नपुंसकलिंगी. तोच नियम तेथील मराठीने उचलला, आणि पुण्याची नदी 'आली' तर कुपवाडची नदी 'आलं' अशी स्थिती झाली. शाळामास्तर यावर लाल शाई ओततील, ते ओतोत. पण नदीला पूर आला असता गुरे वर काढावयाची, हे तर दोन्हीकडे सारखेच कळते! नदीचे लिंग बदलले. नदीविषयीचा विचार बदलला नाही. आणि एवढे एकरूप होऊनही घराघरांचे शब्द मात्र निराळेच राहिले. अर्थ साऱ्या गावाचा आणि शब्द ज्याच्या त्याच्या उंबऱ्याचा, अशी ही वाटणी आम्हांस वाटते.

येथवर संत ऑगस्टीन यांची बाजू वरचढ दिसते, आणि वैद्यकशास्त्रही तिच्याकडेच झुकते. १८६१ साली पॅरिस येथे डॉक्टर ब्रोका यांच्याकडे एक रोगी आला. त्याच्या तोंडून 'टॅन' या एका उच्चारावाचून जवळजवळ काही निघत नसे, तरी दुसऱ्यांचे बोलणे त्याला बरेचसे समजे. मेंदूच्या आघाताने वाचा व शब्दज्ञान हरपलेल्या काही माणसांना गणित करता येते, बुद्धिबळे खेळता येतात, असे पुढे दिसून आले. भाषा हे मुख्यतः एकमेकांस सांगण्याचे साधन होय, विचार करण्याचे नव्हे, असा निष्कर्ष काही संशोधकांनी २०२४ साली मांडला आहे.

तथापि भर्तृहरीला इतक्या लवकर निरोप देता येणार नाही. निपाणीच्या एखाद्या दुकानदाराकडे लक्ष द्यावे. गिऱ्हाइकाशी तो अस्खलित कन्नड बोलेल. पण बेरीज करताना त्याचे ओठ पुटपुटतात ते मराठीत, कारण 'बे एके बे, बे दुणे चार' हे लहानपणी कानावर पडलेले असते. रशियन व इंग्रजी अशा दोन भाषा जाणणाऱ्या लोकांची एक परीक्षा २००१ साली प्रसिद्ध झाली. जे नेमके हिशेब ज्या भाषेत शिकविले, ते त्याच भाषेत चटकन सुटत. अंदाजाने सांगावयाच्या गणितात मात्र भाषेने काही अंतर पडत नसे. म्हणजे अदमास अर्थाचा, पण नेमका आकडा शब्दाचा.

आणि नावही शब्दाचेच. पवित्र शास्त्रातील स्वप्ने पाहावीत. याकोबाचा पुत्र योसेफ याच्या स्वप्नात पेंढ्या नमस्कार करतात, फारोच्या स्वप्नात रोड गाई पुष्ट गाईंना गिळतात. तेथे एकही शब्द नाही, म्हणूनच अर्थ सांगणारा लागतो. परंतु संत मत्तयकृत शुभवर्तमानात संत योसेफ यांच्या स्वप्नात देवदूत बोलतो, कारण त्याला बालकाचे नाव सांगावयाचे आहे. 'येशू' हे नाव चित्राने कसे दाखविणार? संत पौल ग्रीक उत्तम जाणत. तरीही अग्रिप्पा राजापुढे साक्ष देताना, दिमिष्काच्या वाटेवर आलेली वाणी हिब्रू भाषेतील होती, हे ते आवर्जून सांगतात. त्या वाणीने प्रथम त्यांना त्यांच्या नावाने, आणि तेही दोनदा, हाक मारली होती. आमच्या ओट्यावरील गृहस्थांना वडिलांनी स्वप्नात नावाने हाक मारली असती, तर भाषाही आठवली असती काय, असे आता आमच्या मनात येते.

हा सारा ऊहापोह आम्ही केला असता की नाही, देव जाणे. पण बेळगावातील एका घरची गोष्ट आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. त्या घरची आजी गोव्याकडून लग्न होऊन आलेली. पन्नास वर्षे तिने शेजारपाजार कन्नडमध्ये केला, नातवंडे मराठीत वाढविली. वार्धक्यात स्मृती ढळू लागली, तेव्हा आधी कन्नड गेली, मग मराठी. राहिली ती माहेरची कोंकणी. ती नातवंडांना येत नाही. सूनबाई डोळे पुसत आम्हांस म्हणाल्या, "त्या काय मागतात ते आम्हांला कळत नाही. आमचे तरी त्यांना कळते का, तुम्हीच सांगा." आम्हांपाशी उत्तर नव्हते. संध्याकाळ झाली होती, म्हणून जपमाळ सुरू केली.

आजी 'नमान मोरिये' म्हणू लागली आणि मुलांनी दुसरा अर्धा भाग मराठीत म्हटला. पहिल्या दोन दशकांत सूर जुळेना. तिसऱ्यात मुलांचे संपेपर्यंत ती आपण होऊन थांबू लागली. चौथ्या दशकात धाकट्या नातवाला डुलकी लागली, आणि तो नऊ मण्यांवरच पित्याच्या गौरवाची प्रार्थना म्हणू लागला. आजी काही बोलली नाही. तिने दहावा मणी बोटांत घट्ट धरून ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.