किती इंच पडणार? बर्फवादळाच्या अंदाजाबद्दलचे गैरसमज

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात ‘नॉरईस्टर’ हे वादळ येणार अशी कुणकुण लागली की तिथल्या हवामानवेड्या मंडळींची झोप उडते. रात्री साडेदहाच्या सुमाराला अमेरिकन हवामान-मॉडेलचे नकाशे येऊ लागतात, मध्यरात्र उलटल्यावर युरोपीय. एकेका नकाशावर तासन्‌तास खल चालतो. न्यू जर्सीतल्या लेकीला पुण्याहून आईचा फोन जातो तोही याच प्रश्नाचा: किती इंच पडणार?

या प्रश्नाचं उत्तर एकाच आकड्यात देता येतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तो किती महागात पडतो हे २६ आणि २७ जानेवारी २०१५ला दिसलं. न्यूयॉर्क शहरात २० ते ३० इंच बर्फ पडेल असा अंदाज होता. रस्त्यांवरची वाहतूक बंद केली गेली, आणि बर्फामुळे सबवे बंद ठेवण्याची वेळ तिच्या इतिहासात पहिल्यांदाच आली. सकाळी पाहतात तर सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच. लोक संतापले. फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीचा अंदाज देणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख गॅरी झॅटकाउस्की यांनी जाहीर माफी मागितली.

पण अंदाज साफ फसला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच वादळाने लाँग आयलंडवरच्या आयस्लिपमध्ये सुमारे २५ इंच आणि बॉस्टनमध्ये २४ इंचांहून जास्त बर्फ टाकला. वूस्टरमध्ये तर ३४.५ इंचांचा विक्रम झाला. वादळ आलं, सांगितल्याइतकंच जोरदार आलं, फक्त थोडं पूर्वेकडून गेलं. अशा वादळात दाट बर्फाचे पट्टे अरुंद असतात आणि त्यांची पश्चिमेकडची कड सुरीने कापल्यासारखी असते. न्यूयॉर्क नेमकं त्या कडेवर होतं. चुकलं ते अनिश्चितता लोकांपर्यंत पोहोचवण्यात. राष्ट्रीय हवामान सेवेचे तेव्हाचे संचालक लुई उचेलिनी यांनीही ते मान्य केलं. आता या सेवेची कार्यालयं अपेक्षित आकड्याच्या जोडीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त बर्फाचे नकाशे देतात. ‘जास्तीत जास्त’च्या नकाशात १८ इंच दिसले, तर त्याहून अधिक बर्फ पडण्याची शक्यता दहात एक, इतकाच त्याचा अर्थ. दुर्दैवाने नातेवाइकांना पाठवला जातो तो हाच नकाशा, आणि तोही खुलाशाशिवाय.

‘युरोपीय मॉडेल म्हणतंय ना, मग झालं!’ हेही कानावर पडतं. २०१२च्या सँडी वादळाचं किनाऱ्याकडे वळणं त्या मॉडेलने बरंच आधी दाखवलं, तेव्हापासून त्याचा दबदबा वाढला. सरासरीने ते आघाडीवर आहे हेही खरं. पण २०१५च्या त्या रात्री न्यूयॉर्कवर भरमसाट बर्फ दाखवत राहिलं ते युरोपीय मॉडेलच. त्याच महिन्यात सुधारलेलं अमेरिकन मॉडेल कमी बर्फ दाखवत होतं आणि शहरापुरतं तेच खरं ठरलं. म्हणून जाणकार माणूस एका मॉडेलच्या एका फेरीवर भिस्त ठेवत नाही. सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून तेच मॉडेल पुन्हापुन्हा चालवतात. युरोपीय केंद्राच्या अशा संचात ५१ अंदाज असतात. ते एकमेकांच्या जवळ आहेत की विखुरलेले, यावरून अंदाजावर किती विसंबायचं ते कळतं.

‘वादळाचं मूळ पॅसिफिकवरून जमिनीवर येऊ द्या, हवामान-फुग्यांची निरीक्षणं मिळाली की सगळं स्पष्ट होईल,’ ही अनुभवी हौशी लोकांचीही आवडती समजूत आहे. पण आज मॉडेलांना मिळणाऱ्या नोंदींचा मोठा वाटा उपग्रहांचा असतो आणि ते समुद्रावरही पाहतच असतात. अंदाज हळूहळू सुधारतो तो मुख्यतः वादळाला उरलेला वेळ कमी होत जातो म्हणून.

रंगीत नकाशांबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं. मॉडेल आधी काढतं ते पाणी. त्याचा बर्फ करताना बरेच नकाशे सरसकट एकास दहा हे प्रमाण धरतात: एक इंच पाणी म्हणजे दहा इंच बर्फ. प्रत्यक्षात ओला, जड बर्फ पाच-सहा इंचांतच आटोपतो, तर कडक थंडीतला भुसभुशीत बर्फ वीस इंचांवरही जातो. त्यातच दोन-अडीच किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर शिरला, तर हिमकण वितळून पुन्हा गोठतात आणि जमिनीवर टणक बर्फाचे बारीक दाणे पडतात. काही नकाशे त्यांनाही बर्फातच मोजतात. किनाऱ्याजवळच्या गावांची निराशा बहुतेकदा इथूनच सुरू होते.

‘ब्लिझर्ड’ म्हणजे खूप बर्फ, असंही नाही. अमेरिकन व्याख्येत बर्फाच्या उंचीचा उल्लेखच नाही. ताशी ३५ मैलांचे वारे किंवा वारंवार येणारे तेवढे झोत, आणि उडत्या बर्फामुळे पाव मैलाच्या आत आलेली दृश्यमानता, हे किमान तीन तास टिकलं की ब्लिझर्ड.

आणि पडून गेलेल्या बर्फाचा आकडा तरी निर्विवाद असतो का? तोही नसतो. मोजणी पांढऱ्या फळीवर होते आणि फळी सहा तासांत एकदाच पुसायची असते. दर तासाला पुसली तर बर्फ दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. शेजारच्या दोन गावांच्या आकड्यांत फरक दिसला तर आधी मोजण्याची पद्धत विचारावी. जानेवारी २०१६च्या वादळात सेंट्रल पार्कची नोंद आधी २६.८ इंच जाहीर झाली होती. नंतरच्या तपासणीत ती २७.५ ठरली आणि तोच त्या जागेचा विक्रम झाला.